अनंताची बेडकी कुणी उतरवली?

दिलीपशेठ ठेकेदाराने अनंताला फसवलं. त्याच्याबरोबर मलाही फसवलं, आणि शेजारी बसून मान डोलावणाऱ्या कारखान्याच्या सेफ्टीच्या साहेबांनी ते होऊ दिलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते. नाहीतर पुढे खांद्याच्या गोष्टी सांगता सांगता माझा राग निवेल आणि लेख गोड होईल. संपादकांना गोडच हवा होता. 'डॉक्टर, तुमच्या इतक्या वर्षांच्या आठवणींतल्या गमतीजमती लिहा,' असं ते म्हणाले होते. गमतीही आहेत. पण आधी हे.

मी हाडांची डॉक्टर. त्यातही खांद्याची. कर्जतला माझं छोटं रुग्णालय आहे, वर राहायला घर. माझी आई खालापूरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तिच्या टोपलीशेजारी बसून मी जे शिकले ते पुढे कुठल्याच कॉलेजात शिकवलं नाही. गिऱ्हाईक बोंबलाचा वास घेऊन नाक मुरडायचं, उठून चालायला लागायचं, आणि आई मान वर न करता पुढचे वाटे लावत राहायची. चौथ्या पावलाला ते परत फिरायचं. घासाघीस करताना एक गोष्ट मनाशी पक्की ठरवायची, की काय सोडायचं नाही. बाकी सगळं सोडता येतं. शस्त्रक्रियेची दुर्बीण मी अशीच घेतली, मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाने नवीन घेतल्यावर त्यांची जुनी. विकणारा माणूस शेवटी हात जोडून म्हणाला, मॅडम, घेऊन जा, पण आता बोलू नका.

माझ्या रुग्णांशीही माझी घासाघीस चालते. ती दिवसांची असते. खांदा शिवल्यावर हात गळ्यातल्या पट्ट्यात ठेवावा लागतो, आणि या भागात रिकामा हात कुणालाच परवडत नाही. मी सहा आठवडे म्हणते. समोरचा तीन म्हणतो. मी म्हणते, बरं, आठ. मग तो सहावर येतो. माझा स्वभाव तापट आहे, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पट्टा काढून फिरणाऱ्या एका दुकानदारावर मी भर बाजारात ओरडले होते. त्याने घाबरून हातातली पिशवी माझ्याच हातात दिली.

आता धंदा समजावून सांगते, कारण त्याशिवाय फसवणूक कळणार नाही.

खांदा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला गोळा. तो घसरू नये म्हणून चार स्नायूंच्या चपट्या दोऱ्या एकत्र येऊन त्याच्यावर टोपीसारख्या बसतात. ही टोपी फाटली की हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. टोपी फाटण्याची कारणं साधी असतात. पडणं, लटकणं, वर्षानुवर्षं डोक्यावरून ओझं उतरवणं. ती दुर्बिणीतून शिवता येते. हाडात छोटी खुंटी बसवायची, खुंटीला दोरे असतात, त्या दोऱ्यांनी टोपीची फाटकी कड हाडाला ओढून बांधायची.

पण टोपीच्या शेजारून आणखी एक दोर जातो आणि भांडण नेहमी त्याच्यावरून होतं. आपण दंड फुगवून मुलांना बेडकी दाखवतो ना, त्या बेडकीला वरच्या बाजूला दोन शेपट्या असतात. त्यातली लांब शेपटी हाडाच्या एका खोबणीतून वर चढते आणि खांद्याच्या आत शिरते. विहिरीच्या रहाटावरून दोर जावा तशी. टोपी शाबूत असेल तर दोर खोबणीत राहतो. टोपी फाटली की तो खोबणीतून सटकतो, घासतो, त्याचे धागे निघतात, लाल होतो. अशा वेळी नुसती टोपी शिवून दोर तसाच ठेवला, तर माणूस काही महिन्यांनी परत येतो आणि एकाच बोटाने खांद्याच्या पुढच्या बाजूला दाखवून सांगतो, इथे. बाकी सगळं बरं आहे, पण इथे. म्हणून टोपी शिवायला आत शिरलं की आधी त्या दोराची चौकशी करायची.

दोर चांगला असेल तर त्याला हात लावायचा नाही. खराब असेल तर दोन वाटा. एक म्हणजे तो वरून कापून सोडून द्यायचा. दुखणं जातं, काम झटपट होतं, कोपराला वेगळी बंदी लागत नाही. दुसरी शेपटी शाबूत असते, त्यामुळे हात काही लुळा पडत नाही. मात्र कापलेला दोर खाली ओढला जातो, बेडकी कोपराकडे उतरते आणि तिथे गोळा दिसतो. कधी पेटके येतात आणि पिळण्याचा जोर थोडा कमी होतो. पिळण्याचा म्हणजे तळवा वर फिरवण्याचा, स्क्रू आवळतो तसा. दुसरी वाट म्हणजे दोर कापून खाली हाडालाच खुंटीने बांधायचा. बेडकी जागेवर राहते, जोर राहतो. पण दोर हाडाला धरेपर्यंत तीन महिने त्या हाताने ओझं उचलायचं नाही आणि काहीही जोर लावून पिळायचं नाही.

कुणाचा कापायचा आणि कुणाचा बांधायचा, हे पुस्तकात वयावर ठरतं. माझ्याकडे ते माणूस काय काम करतो यावर ठरतं.

डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरची सोनीबाई माझ्याकडे आली तेव्हा मोळीसकट उतारावर घसरली होती. साठी उलटलेली, अंगाने काटक. मी तिला दोन्ही वाटा सांगितल्या. तिने दोनच प्रश्न विचारले. दुखायचं कुठल्यात थांबेल, आणि भाकरी कुठल्यात लवकर थापता येईल. दोन्हींचं उत्तर कापण्यात होतं. गोळा दिसेल, हे मी तीनतीनदा बजावलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की या वयात तिचा दंड बघणार कोण, हे मला कळायला हवं होतं. मी दोर कापून सोडला, टोपी शिवली. नंतर ती तपासून घ्यायला आली ती नातवंडं घेऊन. हात वाकवून कोपराजवळचा गोळा त्यांना दाखवायची आणि पोरं त्याला बोट लावून पळायची. मला म्हणाली, "बाई, माजी बेडकी म्हातारी झाली, खाली बसली."

याच्या उलट पळसदरीच्या धरणाजवळ फार्महाउस असलेले एक गृहस्थ. शनिवार-रविवार येणारे, आरशासमोर वजनं उचलणारे. त्यांना दुखण्यापेक्षा दिसण्याची काळजी जास्त. दोन्ही दंड सारखे दिसले पाहिजेत, म्हणून शस्त्रक्रियेआधी दोन्हींचे फोटो काढून घेऊन आले होते. मी त्यांचा दोर बांधला. तीन महिने त्यांनी इतक्या निष्ठेने पाळले की पाण्याची बाटलीसुद्धा बायकोकडून उघडून घ्यायचे. त्यांना ते जमलं, कारण त्यांच्यावर कुणाचा हुकूम चालत नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

माझ्या टेबलावर एक लोखंडी चाक आहे. कारखान्यात नळ्यांवर व्हॉल्व्ह असतात, त्यांच्या तोंडाला बसवलेलं गोल चाक. खोपोलीच्या भंगारवाल्याकडून मी ते आणलं आणि फळीवर घट्ट बसवलं, फिरवायला जरा जड जाईल असं. रसायनीच्या कारखान्यांतून येणाऱ्या कामगारांचा पिळण्याचा जोर मी त्याच्यावर बघते. यंत्रं आहेत त्यासाठी, पण माणसाला त्याचं रोजचं काम समोर ठेवलं की तो खोटं बोलत नाही.

अनंता पहिल्यांदा त्या चाकाला हात लावायला तयारच नव्हता. चाळिशीच्या अलीकडचा, खालापूरकडच्या एका गावातला, रुंद खांद्यांचा माणूस. कारखान्यात ठेकेदाराचा कामगार, आणि काम व्हॉल्व्ह उघडबंद करण्याचं. शिडी निसटली तेव्हा तो वरच्या नळीला एका हाताने लटकला आणि तिथेच खांदा गेला. ठेकेदाराने त्याला आधी तेल लावणाऱ्याकडे पाठवलं, मग इंजेक्शनवाल्याकडे, आणि काहीच होईना तेव्हा बायकोने, सुमनने, त्याला माझ्याकडे आणलं. मी म्हटलं, फिरव. त्याने चाक धरलं, थोडं फिरवलं, आणि ओठ आवळून हात मागे घेतला.

"हात हाय मॅडम," तो म्हणाला, "पन त्यात मी नाय."

तपासण्या झाल्या. टोपी फाटली होती आणि दोर खोबणीतून आत सटकला होता. मी दोघांना समोर बसवून कापणं आणि बांधणं, दोन्ही सांगितलं. अनंता जमिनीकडे बघत होता. सौदा सुमनने केला. कापलं तर चाक फिरेल का, तिने विचारलं. मी म्हटलं, फिरेल, पण आठ तासांच्या पाळीत, गंजलेल्या व्हॉल्व्हवर, रोज, याची हमी मी देणार नाही. बांधलं तर? बांधलं तर फिरेल, पण तीन महिने चाकाला शिवायचंही नाही.

"तीन म्हयने कामावर कोन ठेवतंय?" ती म्हणाली. "तुमी ठेवनार?"

मला अशी माणसं आवडतात. मी म्हटलं, मी नाही ठेवणार, पण ज्याने ठेवायचं त्याला इथे बोलावते.

दिलीपशेठ दुसऱ्याच दिवशी आला. पांढरा शर्ट, दोन फोन, तोंडात बडीशेप. सोबत कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर होते, कारण अपघात त्यांच्या आवारात झाला होता. मला ताई म्हणाला. मला ताई म्हणणाऱ्या ठेकेदारांबद्दल माझं मत फार जुनं आहे, पण त्या दिवशी मी ते बाजूला ठेवलं. मी सहा महिन्यांपासून सुरुवात केली. तो एक महिन्यावर होता. मी त्याला दुर्बिणीतलं चित्र दाखवलं, दोर दाखवला, खुंटी हातात दिली. चहा आला. तो दोन महिन्यांवर आला. मी तीनवर थांबले आणि आईसारखी मान खाली घालून दुसऱ्या रुग्णाचे फोटो बघायला लागले. तो उठला नाही. म्हणाला, बरं ताई, तीन. पहिले सहा आठवडे पट्ट्यात घरी, मग उरलेले दिवस गेटवर बसून काम, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे बघायचं.

मी तेवढ्यावर सोडलं नाही. मला माहीत होतं की 'हलकं काम' या शब्दांत ठेकेदार काहीही घालू शकतो. म्हणून टेबलावरचं चाक मी त्या दोघांच्या पुढे सरकवलं. म्हटलं, ओझं उचलणं नाही हे तुम्हाला कळतं. पण त्याच्यापेक्षा वाईट हे आहे. हे फिरवणं. एकदासुद्धा नाही. सेफ्टीच्या साहेबांनी चाकाला हात लावला, फिरवून पाहिलं, जड आहे म्हणाले. दिलीपशेठने चाकावर थाप मारली.

"ताई, हे चाक दिसलं की अनंता लांब. माझी जबाबदारी."

साहेबांनी मान डोलावली. एकदा नाही, दोनदा. सुमन दाराशी उभी होती. तिने ते पाहिलं आणि मगच ती बांधायला तयार झाली. मीही त्याच शब्दावर बांधलं. तो शब्द नसता तर मी कापून मोकळी झाले असते आणि अनंताला दुसरं काम शोधायला सांगितलं असतं. ही गोष्ट मला वाचकांनी नीट समजून घ्यायला हवी आहे. कापायचं की बांधायचं, हा निर्णय शस्त्रक्रियेच्या खोलीत झाला नाही. तो चहाच्या कपांसोबत माझ्या टेबलावर झाला, त्यांच्या तोंडून.

शस्त्रक्रिया लांबली. आत दुर्बीण घातली तेव्हा दोर अर्ध्याहून जास्त उसवलेला होता, जुन्या पायपुसण्याच्या कडेसारखा. टोपी मागे आखडली होती, ती ओढून आणायला वेळ गेला. भूल देणारे डॉक्टर माझे जुने स्नेही. ते म्हणाले, आता दोर सोडून द्या की, कोण बघतंय. मी म्हटलं, चाक बघतंय. दोर सोडवला, खोबणीच्या वरच्या तोंडाशी हाड खरवडलं, खुंटी बसवली आणि दोन दोऱ्यांनी बांधला. मग टोपी. शेवटी कोपर हलवून बघितलं. दोर हलला नाही. त्या दिवशी मी जेवायचं विसरले आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

सहा आठवडे सुमनने त्याला वाघिणीसारखं राखलं. पट्ट्यातून हात काढून विडी पेटवताना दिसला तर ती मला फोन लावून फोन त्याच्या कानाला लावायची, आणि पुढचं मी बघायचे. पट्टा निघाला. हात हळूहळू वर जायला लागला. खांद्याच्या पुढच्या बाजूला तो बोटाने दाखवायचा ते दुखणं गेलं होतं. कबूल केल्याप्रमाणे दिलीपशेठने त्याला गेटवर बसवलं. मी मनात म्हटलं, बघ, उगाच शंका घेतेस माणसांवर.

मग काही आठवड्यांनी, तीन महिने पुरे व्हायच्या आतच, कारखान्यात शटडाऊन लागला. शटडाऊन म्हणजे सगळं यंत्र थांबवून दुरुस्ती करायची. त्या दिवसांत एकेक तास मोजला जातो आणि ठेकेदाराची माणसं कमी पडतात. दिलीपशेठचीही पडली. पुढचं मला खूप उशिरा कळलं.

एका दुपारी अनंता आला. उकाडा मी म्हणत होता आणि याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, मनगटाचं बटणसुद्धा लावलेलं. काय रे, कसं आहे, म्हटलं तर म्हणाला, बरं हाय. सुमन सोबत होती. तिने पुढे होऊन त्याची बाही सर्रकन वर ओढली. दंडाची वरची बाजू सपाट झाली होती आणि कोपराच्या वर मुठीएवढा गोळा बसला होता. भोवताली जुना, पिवळा पडलेला काळानिळा डाग. म्हणजे आठवड्याहून जास्त दिवस त्याने ते लपवलं होतं.

मी त्याच्यावर ओरडले. बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली, असं कंपाउंडरने मागाहून सांगितलं. तुला सांगितलं होतं की नाही, चाक दाखवलं होतं की नाही, माझी सगळी मेहनत, असं बरंच. अनंताने सगळं ऐकून घेतलं.

"वरडा मॅडम," तो म्हणाला. "तुमी वरडून थांबाल. शेठ म्हनला, एकच चाक हाय, वजन कुटं उचलायचंय. नाय म्हनलो असतो तर गेटबी गेलं असतं."

व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसलेला होता. चाकात लोखंडी दांडा अडकवून त्याने जोर लावला. आत काहीतरी खट्कन तुटलं, हात गरम झाला आणि बेडकी खाली उतरली. चाक मात्र उघडलं. शेठने पाठीवर थाप मारली आणि परत गेटवर जाऊन बसायला सांगितलं.

मी तिथूनच दिलीपशेठला फोन लावला. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं आणि पहिली दोन वाक्यं ते जमलंही. तो शांत होता. ताई, असं म्हणत होता. अनंता स्वतःहून गेला असेल, पोरं ऐकत नाहीत. मग म्हणाला, "तसं ताई, ऑपरेशन फेलबी जातं कधी कधी. गाठ सुटली असेल तुमची."

इथे मला माझ्या धंद्याचं खरं बोललं पाहिजे. गाठी सुटतात. माझ्याही सुटल्या असतील. बांधलेला दोर काही न करताही कधी कधी धरत नाही, आणि बेडकी उतरते. ज्या डॉक्टरच्या हातून असं कधीच झालं नाही त्याने फार शस्त्रक्रिया केलेल्या नाहीत. म्हणूनच त्याचं ते वाक्य मला इतकं लागलं. ते खोटं आहे असं मी तेव्हा छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते, आणि त्याला ते बरोबर माहीत होतं. घासाघीस करणाऱ्याला समोरच्याची दुखरी जागा कळतेच.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढून रसायनीला गेले. मला आत सोडलं नाही. बराच वेळ गेटबाहेर उभी राहिल्यावर सेफ्टीचे साहेब बाहेर आले, डोक्यावर हेल्मेट, हातात चष्मा. मी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्ही त्या दिवशी ऐकलं होतं ना. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "मॅडम, मी त्या दिवशी फक्त सोबत आलो होतो."

एवढं बोलून ते आत गेले. त्यांच्या मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत सुरक्षेची शपथ लिहिलेली होती. ती मी पूर्ण वाचली. वेळ होता माझ्याकडे.

परत आल्यावर अनंताला बोलावलं. टोपीची शिवण टिकली होती, हे नशीब. बेडकीचं काय करायचं, ते त्याने ठरवायचं होतं. मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं की तसंच ठेवलं तरी चालेल. सोनीबाईची गोष्ट सांगितली. पुष्कळ माणसं असा गोळा घेऊन सुखाने जगतात. पुन्हा बांधायचं तर पुन्हा चिरायचं, दोर आखूड झालेला असेल, आणि पुन्हा तेच तीन महिने. मला वाटलं, तो नको म्हणेल. मला स्वतःला दुसऱ्यांदा आत शिरायची हौस नव्हती. खोटं कशाला बोलू, भीतीही होती. आत माझीच गाठ सुटलेली दिसली तर?

त्याने टेबलावरच्या चाकाकडे बोट केलं. "बांधा परत. मला त्याच्यावर जायाचं हाय."

मी बांधलं. या वेळी दुर्बीण पुरेशी नव्हती. काखेच्या पुढच्या घडीत चीर घेऊन खाली गेले. दोर आखडून, रक्ताच्या गुठळीत गुंडाळलेला सापडला. त्याआधी मात्र दुर्बिणीतून वरची जुनी जागा पाहिली. खुंटी हाडात होती, जिथे ठेवली तिथे. गाठ बसलेली होती, माझ्या हाताची, घट्ट. दोन्ही फासे पूर्ण होते आणि रिकामे होते. जोराने ओढल्यावर खुंटीच्या दोऱ्याने बेडकीचा दोर उभा चिरून काढला होता, विळीवर पडवळ चिरावं तसा. गाठ सुटली नव्हती. मी हात थांबवले आणि सिस्टरला म्हटलं, पडदा जरा इकडे फिरवा, मला नीट बघू द्या. नीट दिसत होतंच. मला फक्त थोडा वेळ बघत राहायचं होतं. नंतर सुमनला बोलावून ते चित्र मी पडद्यावर दाखवलं. तिला खुंटी कळली, फासे कळले. ती म्हणाली, "म्हंजी तुमचं धरलं हुतं, त्यांचं सुटलं."

दोर पहिल्यापेक्षा खाली, जाड हाडावर बांधला. या खेपेला मी कुणाशीही घासाघीस केली नाही. तीन महिने म्हणजे तीन महिने, आणि ते त्याच्या घरी. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. आधी तो कंटाळायचा, नंतर वाट बघायला लागला. व्यायाम शिकवायला मुलगी ठेवलेली आहे माझ्याकडे, तिला सांगून ठेवलं होतं की याच्या हातात आधी रिकामी काठी, मग ओला टॉवेल पिळायला, आणि चाक सर्वांत शेवटी. मी असतानाच.

तो दिवस आला तेव्हा मी मुद्दाम दुसरं काम करत असल्यासारखं दाखवलं. अनंताने चाकाला हात घातला. सुरुवातीला अडलं. मग त्याने तळवा वर फिरवला आणि चाक फिरलं, पूर्ण, व्हॉल्व्ह उघडावा तसं. त्याने ते उलट फिरवलं आणि परत सुलट. बेडकी जागेवर होती. पूर्वीएवढी फुगत नाही, थोडी बसकी आहे, पण जागेवर आहे. सुमनने पदराने चाक पुसलं, का ते तिचं तिला माहीत.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यावर गेला. गेटपास बंद झालेला होता. दिलीपशेठ म्हणाला, तू स्वतःहून काम सोडलंस, तुझ्या जागी दुसरा आला. शस्त्रक्रिया झालेला हात घेऊन आता आत घेता येणार नाही, सेफ्टीचा नियम आहे.

जो हात चाकाला लावायचा नाही असं ठरलं होतं, तो हात त्यांनी चाकाला लावला. आणि तोच हात चाक फिरवायला तयार झाला तेव्हा त्यांना सेफ्टी आठवली.

अनंता सध्या कर्जतच्या बाजारात भावाचा टेंपो चालवतो. भेटला की हात वर करून दाखवतो, आणि मी गाडीतून ओरडते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धर. तो हसतो. पण त्याला येणारं काम ते नाही. कुठल्या नळीत वाफ आहे आणि कुठल्या नळीत आम्ल, हे त्याला नुसत्या हाताच्या स्पर्शाने कळायचं. तो हात मी दोनदा शिवला आहे, टेंपोचं मागचं फळकट उघडण्यासाठी नाही.

मला सांगण्यात आलं आहे की हे लिहू नये. रसायनीहून येणारे रुग्ण कमी होतील, ठेकेदार आपली माणसं दुसरीकडे पाठवतील. पाठवू देत. काय सोडायचं नाही हे मी ठरवलेलं आहे.

दिलीपशेठ, चाक अजून माझ्या टेबलावर आहे. त्यावर हात ठेवून जबाबदारी म्हणाला होतात, तोच हात ठेवून सांगा की त्या दिवशी अनंताला व्हॉल्व्हवर कुणी पाठवलं. माझी गाठ सुटली नव्हती. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. तुमची कधी बांधलेलीच नव्हती, एवढं कबूल करा, आणि त्याचा गेटपास उघडा. त्याचा हात कामाला योग्य आहे, हे मी सहीनिशी लिहून देते. कुणाला शंका असेल त्याने त्याच्याकडून चाक फिरवून घेऊन पाहावं.

आणि साहेब, तुम्ही फक्त सोबत आला नव्हता. तुम्ही माझ्या टेबलाशी बसलात, चहा घेतलात, चाक स्वतः फिरवून जड आहे म्हणालात आणि दोनदा मान डोलावलीत. सुमनने ती मान बघून नवऱ्याचा हात माझ्या हवाली केला. तिला उत्तर द्या. माझ्याकडे यायला लाज वाटत असेल तर तिच्या घरी जा. पण या खेपेला कुणाच्या सोबत जाऊ नका, एकटे जा.